चार यंत्रांवर चारच माणसे बसविण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
जलाशय पातळी सर्वेक्षण कार्यालय, भंडारा

विषय : आकडेमोड कक्षातील वाढीव माणसे कमी करणे व अर्जदाराकडील शेवटची ओळ काढून घेणे.
संदर्भ : मनुष्यबळ दुप्पट करण्याचा आपला आदेश व त्यानंतरचे आदेश.

महोदय,

मी आपल्या कक्षात गणक आहे. धरणाचे पाणी कुठवर चढेल ती बुडीत रेषा ठरविण्यासाठी नदीकाठच्या गावांच्या उंच्या आम्ही काढतो. सगळ्या उंच्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने समीकरणांतून एकेक उंची बाद करत जावे लागते. एक ओळ तयार झाली की तिच्या आधारे बाकीच्या ओळी चौघे चार यंत्रांवर एकाच वेळी करतात. चौघांचेही झाल्याशिवाय पुढची ओळ सुरू होत नाही. हाताने दांडी फिरवायची आकडेमोडीची यंत्रे चारच आहेत, माणसेही चारच होती, आणि काम चालले होते.

काम लवकर व्हावे म्हणून आपण आठ माणसे केली. यंत्रे तेवढीच राहिली. कोणावर अन्याय नको म्हणून यंत्र पाळीपाळीने देण्याचे ठरले व त्यासाठी घंटी लावली. घंटी झाली की अर्धवट गुणाकार कागदावर उतरवून यंत्र कोरे करायचे, दुसऱ्याने आपले आकडे चढवायचे, पुन्हा घंटी. दिवसाचा बराच वेळ आता आकडे चढवण्या-उतरवण्यातच जातो.

वेग मंदावल्याचे पाहून आपण प्रत्येकास एक मदतनीस दिला. त्यांना बसायला जागा नसल्याने ते व्हरांड्यात उभे राहून खिडकीतून आकडे ऐकतात. ओळी वाचून दाखवणारे श्यामराव यांचा घसा बसला आहे. रिकामे थांबणाऱ्यांची वेगळी हजेरी घेण्यास नवा कारकून आला, त्याची खुर्ची चौथ्या यंत्राच्या टेबलाला लागून ठेवल्याने त्या यंत्राची दांडी पूर्ण फिरत नाही. सबब सध्या यंत्रे तीन समजावीत. मला याचा राग येत नाही. पूर्वी येत असे.

समीकरणांत शेवटी उरणारी उंची मौजा सावरटोला येथील शाळेच्या ओट्याची आहे. तिची ओळ माझ्याकडे आहे, आणि बाकी सगळ्या बाद होऊन ती एकटीच उरत असल्याने सगळ्यांत आधी उत्तर तिचेच निघेल. शाळेला लागून आमचे घर आहे, दोन्हींचा ओटा एकच. तात्पुरत्या रेषेने गाव बुडीतात दाखवल्यापासून तिथे कोणी भिंत लिंपत नाही, की त्या गावात कोणी मुलगी देत नाही.

माझी आई वच्छला दर सुटीला एकच विचारायची, "पानी घरात येते का नाही, तेवढं सांग. येत असन त येऊ दे." मी दर वेळी सांगत आलो की ओळ अजून लागलेली नाही.

मागील सुटीत मी गेलो तेव्हा घर नव्हते. पाण्याखाली जाण्याआधी निदान लाकूड तरी हाती राहावे म्हणून आईने छपराचे कवेलू उतरवून घेतले, वासे-फाटे बैलगाडीत घातले आणि ती वरठीला माझ्या बहिणीकडे राहायला गेली. शाळेचा ओटा तसाच होता. मी त्यावर बसलो, आणि बसची वेळ झाली तेव्हा उठलो. मला रडू आले नाही. याचीच थोडी काळजी वाटते, म्हणून नमूद करतो.

तरी विनंती की यंत्रे जितकी तितकीच माणसे ठेवावीत, घंटी बंद करावी व कारकुनाची खुर्ची हलवावी. चौघे बसले तर काम पावसाआधी संपेल.

मात्र तसे झाल्यास शेवटची ओळ माझ्याकडे ठेवू नये. पाणी येते असे निघाले तर मी आईला सांगू शकेन. येत नाही असे निघाले, तर ते सांगायला माझ्याऐवजी कार्यालयाने कोणालातरी वरठीला पाठवावे.

कळावे, ही विनंती.

आपल्या कक्षातील नम्र गणक,
तेजराम यादोराव गोंडाणे
भंडारा, २ मे १९७९

सोबत : यंत्र क्र. ४ व खुर्ची यांचा हाताने काढलेला नकाशा.