नऊ नंबरची जर्सी कोणी घट्ट केली

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातला असता, पण कटिंगच्या टेबलाखाली इतक्या टाचण्या पडल्या आहेत की उठताना माझी चाळण झाली असती. तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा मागच्या पत्राच्या वेळी बरा झाला होता, म्हणून उजव्याची चौकशी करतो. काकांचा खोकला आणि त्या खोकल्यावरून तुम्हा दोघांचं भांडण, दोन्ही जोरात चालू असेल अशी आशा आहे. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खुशाल परवापासून आहे. त्याआधीचे तीन आठवडे मी कसा होतो ते वाचायला बस, आणि पोळ्या व्हायच्या असतील तर आधी करून घे, कारण हे लवकर संपणार नाही.

तुला ठाऊकच आहे की दुसऱ्या वर्षाला मी कॉलेजला रामराम ठोकला. (बाबा सांगतात तसं मी सरांवर डस्टर फेकलं नव्हतं. टेबलावर आपटलं होतं. उडालं ते आपणहून.) तेव्हापासून मी खेळाचे कपडे शिवणाऱ्या एका मास्तरांकडे कटिंगला आहे. मास्तर देवमाणूस. त्यांना फुटबॉलमधलं फक्त कापड कळतं. आपल्या गावच्या संघाच्या जर्सी आमच्याकडेच होतात, त्यामुळे संघ हरला की ज्याला हळहळायचं असेल तो आमच्या दुकानात येऊन हळहळतो. आणि यंदा संघ ओळीने आठ सामने हरला, म्हणजे दुकानात उभं राहायला जागा नाही. सगळे एकदम ओरडायला लागले की मास्तरांची मापं चुकत, म्हणून त्यांनी कायदा केला: मापाची टेप ज्याच्या गळ्यात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी गप्प. विश्वास ठेव आत्या, लोक ती टेप हिसकावून घेतात, पण टेपेविना तोंड उघडत नाहीत.

वाद एकच. हरण्याला जबाबदार कोण, कोच की खेळाडू? बसचा ड्रायव्हर टेप घालून म्हणायचा, गाडी खड्ड्यात गेली तर कोणी प्रवाशांना निलंबित करत नाही, तेव्हा कोचला काढा. दाताचे डॉक्टर टेप घालून म्हणायचे, मी कितीही सांगितलं तरी लोक घासत नाहीत, मग कीड लागली तर ती माझी का? आणि मी? मी टेप दोनदा गुंडाळून घ्यायचो आणि सांगायचो की शंभर टक्के कोच! पाऊस पडला तरी कोच, गोलपोस्ट वाकडा असला तरी कोच. तो 'रणगाडा' नावाचा आमचा आडवातिडवा गडी नऊ नंबर घालून पुढे उभा राहतो, चेंडू त्याच्यापाशी जाऊन थांबतो आणि दोघेही विचारात पडतात. उलट 'चिमणी' म्हणून पोरगा आहे, वाऱ्यासारखा पळणारा, तो कडेला गवत मोजत असतो. हे मला दिसतं आणि बाकावर बसलेल्या त्या माणसाला दिसत नाही? (तो सामनाभर काडी चघळत बसतो. काडीचाही राग यायचा मला.)

आता मुख्य गोष्ट. मास्तरांची भाची आमच्याकडे जर्सीवर नंबर चढवते. आत्या, तिच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. इतकंच सांगतो की ती इस्त्री उचलते तेव्हा मी दोनदा कापडाऐवजी टेबलक्लॉथ कापला आहे. तर एके दिवशी माझं शंभर टक्के ऐन रंगात आलेलं असताना तिने रीतसर हात पुढे करून टेप मागितली, गळ्यात घातली आणि शांतपणे विचारलं, "गोल कोच मारतो का रे?" लोक हसले. मला हसलेलं चालत नाही हे तुला माहीत आहे. मी टेपेशिवाय, सगळ्यांसमोर, ओरडलो, "तुला फुटबॉलमधलं काय कळतं? तू नंबर चिकटव!"

झालं. आत्या, जीभ ही गोष्ट मला कोणी दिली त्याला मी शोधतो आहे. तिने टेप काढून खुंटीला लावली, आणि सगळ्यांसमोर माझं चुकलं म्हणशील तेव्हाच आपलं बोलणं, असं मास्तरांना उद्देशून सांगितलं. मी भिंतीकडे बघून म्हणालो, बरोबर असलेला माणूस चुकलं कसं म्हणेल? तेव्हापासून तीन आठवडे ती माझ्याशी फक्त खडूने बोलत होती, तेही कापडावर. 'बाही नऊ इंच.' 'गळा मोठा.' (हा दुसरा मजकूर कापडाबद्दल की माझ्याबद्दल, मी एक अख्खी दुपार त्याचा विचार केला.) त्यातच मास्तर सहज म्हणाले की तिला तिच्या ताईच्या गावातल्या कारखान्यातून बोलावणं आलंय, एक तारखेपासून. म्हणजे माझ्याकडे उरले अठरा दिवस आणि एक वाक्य, आणि ते वाक्य घशाच्या खाली उतरत होतं पण वर येत नव्हतं.

अशात शेवटच्या सामन्याच्या नव्या जर्सी आल्या. हा हरलो की खालच्या गटात रवानगी. कोच स्वतः आला, काडीसकट, आणि कोणी काय घालायचं त्याची यादी एका पाकिटातून माझ्या हातात दिली. भाची नेमकी दोन दिवस ताईकडे गेलेली, कारखान्याचं बोलायला. मी पाकीट उघडलंच नाही. काय उघडायचं? आत काय असणार मला पाठ होतं. आणि मग, आत्या, मला ती कल्पना सुचली. संघातल्या प्रत्येकाचं माप मला तोंडपाठ आहे. मी नऊ नंबर चिमणीच्या मापाच्या जर्सीवर चढवला, इतक्या बारीक की रणगाड्याचं एक मनगट आत गेलं असतं तर गेलं असतं. आणि तंबूएवढ्या जर्सीवर पाच, म्हणजे बचावाचा नंबर. आता लाव म्हटलं रणगाड्याला पुढे!

रविवारी चिमणी नऊ घालून पुढे आला, रणगाडा पाच घालून मागे भिंतीसारखा उभा राहिला, आणि दोन-शून्य! दोन्ही गोल चिमणीचे. मी स्टँडमध्ये शेजारच्या अनोळखी आजोबांचा मुका घेतला. आणि तेवढ्यात लोकांनी खांद्यावर कोणाला उचललं असेल? काडीवाल्याला.

सोमवारी दुकानात येऊन बघतो तर ड्रायव्हरच्या गळ्यात टेप आणि तोंडात कोच. काय तो डाव, काय ती दूरदृष्टी! डॉक्टरांनी टेप घेतली ती त्याचीच री ओढायला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टेप ओढली (डॉक्टर आतच होते, पण ते सुटले) आणि गरजलो, "कोचचा संबंध काय? खेळाडू जिंकले!" ड्रायव्हर म्हणाला, "अरे, परवापर्यंत पावसालाही कोचच जबाबदार होता ना?" सगळे फिदीफिदी. इस्त्रीमागे ती परत आलेली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. ते हसू बघून मला भान राहिलं नाही, आणि मी पाकीट न उघडल्यापासून मनगटापर्यंत सगळं सांगून टाकलं. कोच नाही, ड्रायव्हरसाहेब, हा सामना या कात्रीने जिंकलाय!

सगळ्यांचे डोळे विस्फारले. मला वाटलं थक्क झाले. पण सगळे माझ्या मागे बघत होते. दारात कोच. त्याने आत येऊन माझ्या गळ्यातली टेप हळूच काढली, स्वतःच्या गळ्यात घातली (तिथला कायदा त्याला कोणी सांगितला देव जाणे) आणि पाकीट मागितलं. ते खडूंच्या डब्याखाली सापडलं. फोडलं तिने, वाचलंही तिने, मोठ्याने. नऊ: चिमणी. पाच: रणगाडा. पुढे माप, आणि शेवटी कोचच्या अक्षरात, 'नऊ अंगाला घट्ट ठेवा, ओढायला कापड मिळता कामा नये.'

आत्या, धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात. मी खाली बघितलं, टाचण्यांशिवाय काही नव्हतं. कोच एवढंच बोलला, "आठ हरलो ते माझ्यामुळेच. ते तू बरोबर बोलत होतास पोरा. नंबरही बरोबर चिकटवलेस." आणि टेप परत माझ्या गळ्यात घालून गेला. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मी चार दिल्या असत्या. हे असं बोलल्यावर माणसाने करायचं काय?

मग मी ते वाक्य म्हणालो. सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून. "माझं चुकलं, पण," एवढं झाल्यावर तिने कात्री उचलली, तेव्हा 'पण' मागे घेतलं. पुढचं सुचेना, म्हणून नंबर चिकटवणाऱ्यालाच यादी वाचावी लागते आणि मी ती वाचली नाही, तेव्हा फुटबॉल तुलाच जास्त कळतो, एवढं कसंबसं जोडलं. डॉक्टरांनी टाळी वाजवली. ती उठली, माझ्या टेबलापाशी आली, आणि तीन आठवड्यांनी पहिलं वाक्य बोलली: "ही बाही उलटी लावली आहेस." आत्या, इतकं गोड मला जन्मात कोणी बोललं नाही. काल दिवसभर आम्ही मिळून ती बाही उसवली.

काकांना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस),
भाचा

ता. क. ती थांबायला तयार आहे, पण अट घातली आहे. म्हणते, अर्धवट शिवलेला कपडा आमच्या दुकानातून बाहेर जात नाही, तेव्हा कॉलेज पुरं कर. कटिंग संध्याकाळी. मी रागावलो नाही. अर्ज आणला आहे, सोबत जोडला आहे.

ता. क. २. अर्जावर वडिलांची सही लागते. वीस तारीख शेवटची. बाबा माझा आवाज ऐकून फोन ठेवतात, पण तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. म्हणून हे पत्र. डस्टरबद्दल मी सरांना भेटून आलो, हेही सांग.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी तिने वाचलं. ती म्हणते की कारखान्याला ती त्याच दोन दिवसांत नकार देऊन आली होती, आणि ते मला सांगू नका, असं मास्तरांना तिने मुद्दाम बजावलं होतं. तू मात्र बाबांना सांग की मला कॉलेजात परत धाडणारी ही मुलगी सही झाली नाही तर एक तारखेला निघालीच, नाहीतर ते सही करायला पुढचं वर्ष उजाडवतील.