त्या घाटात वाजलेला फोन

प्रिय रेवा,

तुला जाऊन तीन वर्षं होत आली, आणि तुला पहिलं पत्र मी आज लिहितोय. आजच का, असं विचारशील. रविवारी तुझी आई डभोईला मामाकडे निघून गेली. माझ्या तोंडून एक गोष्ट ऐकली आणि गेली. ती गोष्ट आधी तुला सांगायला हवी होती, कारण ती तुझी होती. तुला मात्र ती कधी कळलीच नाही. शेवटपर्यंत तुझ्या मनात माझी काळजीच होती ना?

सायकलचं वेड तुला मीच लावलं. बडोद्यात निजामपुऱ्याहून नंदेसरीला कारखान्यात मी कितीतरी वर्षं सायकलने गेलो. कंपनीची बस दारावरून जायची, तरी. तू कॉलेजात गेलीस आणि आपण रविवारी पावागडला जायला लागलो. हालोलपर्यंत तू बडबड करत यायचीस. माचीच्या चढाला लागलो की गप्प. तू मागून म्हणायचीस, बाबा, थांबा ना जरा. मी कधी थांबलो नाही. वर जाऊन सावलीत उभा राहायचो आणि तू धापा टाकत आलीस की ऐटीत पाण्याची बाटली पुढे करायचो. तेव्हा मला ते शिकवणं वाटायचं.

मग तू संशोधनाच्या नोकरीसाठी फ्रान्समध्ये ग्रेनोबलला गेलीस. तिथून आल्प्सच्या रस्त्यांचे फोटो धाडायचीस. लिहायचीस, बाबा, इथे तास तास एक गाडी भेटत नाही, नुसत्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा. मी निवृत्त झालो होतो. तू तिकीट पाठवलंस. आई म्हणाली, साठी उलटल्यावर कसले डोंगर चढता? तुलाही तिने फोनवर बजावलं, उतारावर वेग आवर. आपण दोघं हसलो होतो. तिने ते हसू लक्षात ठेवलं, रेवा.

पहिले तीन दिवस छान गेले. तू माझ्यासाठी हलक्या गिअरची सायकल आणली होतीस, सीट माझ्या उंचीला बसवून ठेवली होतीस. चौथ्या दिवशी आपण त्या घाटाला लागलो. त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंनी काळी झाडी, चिटपाखरू नाही. दर किलोमीटरला एक दगड, त्यावर पुढचा चढ किती टक्के ते लिहिलेलं. नऊ वाचलं, मग दहा, मग अकरा. पुढे मी वाचणं सोडून दिलं.

तू माझ्या बरोबरीने चालवत होतीस. बडोद्याचं, नाटकाचं, कुणाच्या लग्नाचं काहीबाही बोलत होतीस. मला उत्तर द्यायला श्वास पुरत नव्हता. ते तुझ्या लक्षात आलं आणि तू वेग कमी केलास. मला कळू नये इतक्या बेताने कमी केलास, आणि तेच मला लागलं. मग माझ्या पाठीवर तुझा हात आला. एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने तू मला वर ढकलत होतीस.

मी तो हात झटकला. म्हणालो, “हात काढ. तू हो पुढे. वर भेटू.”

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. मग “चालो, वर वाट पाहते,” म्हणालीस आणि गेलीस. पाच-सहा वळणांपर्यंत तुझी लाल जर्सी वर वर जाताना दिसत होती. एरवी माझं कधी ऐकलंस? कपडे, नोकरी, लग्न, एकाही बाबतीत नाही. मग त्याच दिवशी का ऐकलंस?

झाडी संपली, नुसतं गवत आणि दगड उरले, तिथे गुरांना पाणी प्यायला दगडी डोणी होती. मी उतरलो आणि तिच्या काठावर बसलो. छातीत काही दुखत नव्हतं. पायही तसे धड होते. मी रुसलो होतो, रेवा. बासष्टाव्या वर्षी, पोरीने ढकललं म्हणून रुसून बसलो होतो.

फोन वाजला. खिशातून काढला, तुझं नाव पाहिलं आणि परत ठेवला. जरा वेळाने पुन्हा वाजला. तेव्हा मनात आलं, पोचले म्हणून सांगायला करतेय, थांबू दे थोडी. हेच शब्द मनात आले होते. तीन वर्षांत मी ते एकदाही विसरलेलो नाही.

त्यानंतर बऱ्याच वेळाने उठलो. दोन वळणं चढलो तर एक माणूस छोटी गाडी आडवी लावून रस्त्यात उभा होता. हात वर करून त्याने मला थांबवलं. डांबराच्या डागडुजीसाठी तिथे बारीक खडी पसरली होती. तुझी सायकल कठड्याला अडकली होती आणि तू खाली उतरणीवर पडली होतीस. हेल्मेट डोक्यावर नीट होतं. मान मोडली होती. मी घसरत तुझ्यापाशी पोचलो तेव्हा तुझा हात गरम होता. त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवून नाही अशी मान हलवली. माझ्या समोरून तू चढ चढत गेली होतीस, मग तुझं तोंड खालच्या दिशेला कसं, हे मला तिथे बसल्या बसल्या हळूहळू कळलं.

दुसऱ्या दिवशी तुझी ऑफिसातली मैत्रीण मला गाडीने घाटमाथ्यावर घेऊन गेली. तिथे एक लहानसं चहापाण्याचं घर आहे. ते चालवणाऱ्या बाईने सांगितलं आणि तुझ्या मैत्रिणीने मला इंग्रजीत समजावलं. तू दोन कप गरम कोको मागवला होतास. रस्ता दिसेल अशा खिडकीत बसलीस. एका कपावर बशी झाकून ठेवलीस. दोनदा फोन लावलास. मग स्वतःचा कप अर्धा टाकून उठलीस आणि तिला म्हणालीस, माझे वडील फोन उचलत नाहीत.

त्याच संध्याकाळी बडोद्याहून आईने फोनवर विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हणालो, मागे होतो, रेंज नव्हती.

एवढंच खोटं मी बोललो. बाकीचं लोकांनी रचलं, मी फक्त ऐकत राहिलो. भेटायला आलेले शेजारचे हसमुखभाई म्हणाले, आजकालनां छोकरां, बहु स्पीड. कुणी म्हणालं, उतावळी होती. महिन्या-दोन महिन्यांत सगळं पक्कं झालं: रेवा बापाला मागे टाकून गेली आणि मजेसाठी उतारावर सुसाट सुटली. मग आईही तेच म्हणू लागली. रडण्यापेक्षा रागावणं तिला सोपं जात असावं. एक दिवस तिने हॉलमधला तुझा फोटो काढून कपाटात ठेवला. म्हणाली, हिला बापासाठी पाच मिनिटं थांबता आलं नाही. मी समोर बसलो होतो. तेव्हा बोलावंसं वाटलं नाही का? वाटलं. पाणी मागितलं आणि प्यायलो.

ती जिथे शिकवायची त्या शाळेने गेल्या आठवड्यात तिला या शुक्रवारसाठी बोलावणं धाडलं. मुलं गाड्या बेफाम चालवतात, तुम्ही चार शब्द सांगा. तिने चार पानं लिहिली. रविवारी सकाळी झोपाळ्यावर बसून मला वाचून दाखवायला लागली. ‘माझ्या मुलीने वडिलांची वाट पाहिली नाही’ या वाक्याशी ती आली आणि मी म्हणालो, “ती थांबली होती.”

तिने चष्म्यावरून पाहिलं. मी सगळं सांगितलं. हात झटकला तेही.

“म्हणजे रेंज होती?”

“होती.”

“किती वेळा वाजला?”

“दोनदा.”

“नाव पाहिलंत?”

“पाहिलं.”

तिने पानांची घडी घातली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “तीन वर्षं मी माझ्या पोरीला बोल लावत होते, आणि तुम्ही ऐकत होतात.” मग पिशवी भरली, कपाटातून तुझा फोटो काढून साडीत गुंडाळला आणि डभोईची बस धरली. मी नाक्यापर्यंत मागे मागे गेलो. तिने वळून पाहिलं नाही.

आज सकाळी तिचा फोन आला. मी जेवतो की नाही, तिने विचारलं नाही. इतकंच विचारलं, वर पोचल्यावर रेवाने काय घेतलं होतं? मी कोकोचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, झाकलेल्या कपाचं सांगितलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना पलीकडे ती रडत होती. तू गेल्यापासून तिला तुझ्यासाठी रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. ते रडणंही मीच अडवून ठेवलं होतं का गं? शेवटी नाक ओढून म्हणाली, “शाळेत मी नाही जाणार. तुम्ही जा.” आणि ठेवून दिला. परत कधी येणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती येईल असं मी धरूनही चाललेलो नाही.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. ती देणारी तू एकटीच होतीस. पण एक वचन देतो. शुक्रवारी मी त्या शाळेत जाईन. वेगाबद्दल काही बोलणार नाही. मुलांसमोर तुझं नाव घेईन आणि सांगेन की ती थांबली होती, फोन करत होती, मी पाहिला आणि उचलला नाही, म्हणून ती मला शोधायला खाली निघाली. तिथून निघालो की हसमुखभाईंच्या दारात जाईन. मग ज्यांनी ज्यांनी तुला माझ्यादेखत उतावळी म्हटलं, त्या एकेकाच्या घरी. अंगात चालायचं बळ आहे तोवर जात राहीन.

ज्याला शोधायला तू निघालीस, तो,
बाबा