शेवटच्या माणसाच्या मागून

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

पत्र लिहायची सवय आपल्या घरात कोणालाच नाही. तू असताना मी तुला फार तर 'येताना दूध आण' असा मेसेज टाकायचे, आणि तू तोही वाचायचा नाहीस. मग आज कागद घेऊन का बसले? रविवारी आपली मॅरेथॉन झाली. तिथे जे घडलं ते घरात सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागतं. आणि तू गेल्यापासून पप्पांसमोर तुझं नाव घ्यायची सोय राहिलेली नाही.

कोणी चुकून घेतलंच, तर ते उठून गॅलरीत जातात आणि उगाच खालची रहदारी बघत उभे राहतात. स्वतः तर त्यांनी एकदाही घेतलं नाही. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत तू गेलास, सगळी चाळ रडली, हा माणूस रडला नाही! तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेल्यांना स्वतःच्या हाताने वाढत होते. "भात घ्या, अजून घ्या." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आता भीती वाटते. जेवण तुटलंय, झोप नाही, बोलणं तर कामापुरतंच. आई म्हणते, "हे असे आतल्या आत राहिले तर यांनाही घालवून बसू आपण." मग ती पदराने भांडीच पुसायला लागते.

तर मॅरेथॉन. आमच्या लोअर परळच्या ऑफिसातले लोक हसतात या शब्दाला. "पाच किलोमीटरची कसली गं मॅरेथॉन?" हसू देत. डिलाईल रोडच्या मैदानातून निघायचं, पूल चढून उतरायचा, वरळी नाक्यावरून समुद्रापर्यंत जायचं आणि परत. शाळेतली पोरं पहिल्या चौकापर्यंत जीव खाऊन पळतात आणि पुलावर पोटात कळ आली म्हणून कठडा धरून उभी राहतात. बायका ओढण्या कमरेला बांधून गप्पा मारत येतात. कोणाला दम लागतो, कोणाला रडू येतं, पण मैदानात शिरताना प्रत्येकाला वाटतं की आपण काहीतरी मोठं केलं. तूच सांगायचास हे. आणि एवढा दम असलेला तू, कोळीवाड्यापर्यंत पळत जाऊन येताना आईसाठी बोंबील आणणारा तू, आपल्या शर्यतीत मात्र सगळ्यांत शेवटी यायचास!

पप्पा किती चिडवायचे. "काय रे, पहिला यायची अक्कल नाही, शेवटचा येतो आणि वर झेंडा मिरवतो!"

तो हिरवा झेंडा. गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो तसा आपल्या शर्यतीचा गार्ड तू. शेवटचा माणूस कितीही हळू चालो, त्याच्या मागे तू. तुझा झेंडा पुढे गेला की त्या ठिकाणची पाण्याची टेबलं उचलायची, पोलिसांनी रस्ता मोकळा करायचा. झेंडा मैदानात आला की शेवटच्या माणसासाठी बेंजो वाजवायचा आणि मग सगळं आवरायचं. सगळ्यांना पुढे घालून मागून येणारा माणूस तू, जायच्या वेळीच अशी कसली रे घाई केलीस? माझ्या पुढे, आईच्या पुढे, पप्पांच्याही पुढे?

शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा बंटी महिन्याभरापूर्वी झेंडा घेऊन घरी आला. "ताई, यंदा तू घे ना. दुसऱ्या कोणाच्या हातात बरा नाय दिसणार." मी नाही म्हणणार होते. मला बस पकडायला धावलं तरी धाप लागते. तेवढ्यात आतून पप्पा म्हणाले, "माझं पण नाव लिही रे."

मी, आई आणि बंटी एकमेकांकडे बघतच राहिलो. तुझ्या एकाही शर्यतीला खाली न उतरलेला माणूस!

रविवारी सकाळी ते तयार होऊन बसले होते. सगळ्यांना वाटलेला पिवळा टी-शर्ट, पांढरी टोपी, कंडक्टरकीत लागलेली सवय म्हणून मानेला नॅपकिन. आणि पायात तुझे बूट. ते निळे, तू शेवटचे घेतलेले. मी बुटांकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. "नवे आहेत. पडून खराब होतील," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. आई दारातच उभी राहिली. मला कानात म्हणाली, "त्यांच्या मागेच राहा हां. नजर हलवू नकोस."

नजर हलवली नाही रे मी. हीच तर गंमत झाली.

पूल उतरेपर्यंत पप्पा छान चालले. वरळी नाक्यापर्यंत सगळे पुढे निघून गेले, मागे फक्त पप्पा, चारपाच म्हातारी माणसं आणि मी. समुद्रावरून वळलो तिथे पाण्याच्या टेबलापाशी जरा गर्दी झाली, मी ग्लास घेतला, तोंडावर मारला, वर बघितलं तर पप्पा बरेच पुढे गेलेले. पिवळा टी-शर्ट, पांढरी टोपी, मानेला नॅपकिन. मी धावत जाऊन त्यांच्या मागे लागले. थोडं अंतर ठेवलं, म्हटलं त्यांना एकटं चालावंसं वाटत असेल. माझ्या मागे टेबलं उचलली जात होती, रस्त्यात मांडलेले प्लास्टिकचे कोन गोळा होत होते, बस सुटायला लागल्या होत्या. मला बरं वाटत होतं. तुझं काम मला जमतंय असं वाटत होतं.

मैदानात शिरलो. बेंजो दणाणला. बंटीने हार घातला आणि पप्पांनी हार नीट करायला टोपी काढली.

ते पप्पा नव्हते.

परळचे डिसोझा अंकल होते! मानेवरच्या नॅपकिनने चष्मा पुसत हसत होते. मी त्यांच्या तोंडाकडे नुसती बघत उभी. "काय गं बेबी? काय झालं?" बंटी टेम्पोत खुर्च्या चढवत होता. मी ओरडले, "बंटी, पप्पा मागे राहिले!"

"मागे कसे? झेंडा तर आला ना ताई!"

झेंडा आला होता, दादा. माझ्याच हातात होता. मी तो घेऊन माझ्या बापाच्या पुढे निघून आले होते, आणि त्यांच्यासाठी ना पाणी ठेवलं होतं, ना रस्ता.

मी धावले. आयुष्यात धावले नाही अशी धावले. पुलावर चढताना समोरून बस, टॅक्सी, बाईक, सगळे हॉर्न मारत अंगावर येत होते. छातीत दुखायला लागलं. डोक्यात आईचं तेच एक वाक्य, 'यांनाही घालवून बसू आपण.' प्रत्येक पिवळ्या रंगाकडे बघत होते मी. त्या वेळी मला तुझाही राग आला, खोटं कशाला सांगू! हे काम करायला तू हवा होतास.

ते पूल उतरल्यावर, वरळीच्या बाजूला सापडले. रस्त्याच्या कडेने, गाड्यांच्या पुढ्यातून, सावकाश चालत येत होते. एक टॅक्सीवाला खिडकीतून ओरडत होता, "ओ चाचा, साईड में चलो ना!" आणि पप्पा शांतपणे त्याला हाताने 'पुढे चला, पुढे चला' करत होते, बसमध्ये पॅसेंजरला करायचे तसं.

मी त्यांना धरलं आणि रडायलाच लागले. "कुठे होतात तुम्ही? हाक का नाही मारलीत?"

"बसस्टॉपवर बसलो होतो. बूट सैल होतात, आत कागद कोंबत होतो. मान खाली होती, तू कधी गेलीस कळलंच नाही." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "पण तू कोणाच्या मागे गेलीस गं?"

"डिसोझा अंकलच्या."

ते हसले. खरंच हसले, दादा. किती दिवसांनी! मी म्हटलं, "टॅक्सी करते. पुरे झालं." तर लगेच चेहरा कडक. "टॅक्सीने जायचं तर घरीच बसलो असतो. तू मागून ये. बाजूला नको, मागून."

मी मागे झाले. झेंडा गुंडाळला होता तो सोडला. पुलाचा चढ लागला तसे त्यांचे पाय मंदावले, बुटांचा फटक फटक आवाज यायला लागला. बसचे हॉर्न चालूच होते. आणि त्यात, मागे न बघता, पप्पा बोलले.

"सिद्धा."

तुझं नाव, त्यांच्या तोंडून! ते चालतच होते, म्हणून मीही चालले.

"सिद्धा, बूट मोठे होतात रे मला तुझे. कधी एवढा मोठा झाला तुझा पाय? मी बघितलंच नाही."

चढावर दम खात होते.

"एकदा पण आलो नाही तुझं धावणं बघायला. आधी ड्युटी. मग रिटायर झालो तरी नाही आलो. वाटायचं, पुढल्या वर्षी जाऊ. पोरगा काय, दरवर्षी धावणारच आहे." त्यांनी नॅपकिनने तोंड पुसलं. "शेवटचा येतो म्हणून हसायचो तुला. आज त्या स्टॉपवर बसलो, सगळे पुढे गेले, सगळं आवरून नेलं, कोणी विचारलं पण नाही. तेव्हा कळलं तू काय करायचास ते."

पुलाच्या माथ्यावर आलो. ते थांबले. वळले नाहीत.

"आहेस ना मागे?"

काय करायला हवं होतं मी? 'पप्पा, मी प्रज्ञा आहे' हे ओठावर आलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं का कोण आहे मागे? ठाऊक होतंच. तरी ते वाट बघत उभे होते, पाठ माझ्याकडे करून.

मी म्हटलं, "आहे."

त्यांनी मान हलवली आणि उतार उतरायला लागले.

मैदानात टेम्पो निघून गेला होता. शर्यत संपते तिथली चुन्याची रेघ अर्धी पुसली होती. डिसोझा अंकल मात्र पायरीवर बसून होते, घरी गेलेच नव्हते. आम्हाला बघून उठले आणि एकटेच टाळ्या वाजवायला लागले. मला म्हणाले, "बेबी, वरळीलाच सोडणार होतो मी. गुडघा गेलाय ना माझा. पण बघितलं, ही पोरगी आपल्या मागे मागे येतेय. म्हटलं, तिच्यासाठी तरी चाल बाबा!"

पप्पांनी ती अर्धी रेघ ओलांडली. मैदानाबाहेरच्या फुटपाथवर येऊन बसले, बूट काढले, मांडीवर घेतले आणि मोठ्याने रडायला लागले. लहान पोरासारखे, तोंड उघडून. चहावाला, रस्त्यावरची माणसं, सगळी बघत होती. त्यांना कशाची पर्वा नव्हती. मी थांबवलं नाही. डिसोझा अंकल त्यांच्या शेजारी बसले आणि नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी आल्यावर पुन्हा तेच, गप्प. आईला फक्त म्हणाले, "भूक लागलीय." आईने माझ्याकडे बघितलं, मी ताट वाढायला घेतलं. रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. तुझं नाव मात्र घरात अजून निघालेलं नाही.

काल मी बंटीला झेंडा परत द्यायला निघाले तर पप्पा गॅलरीतून म्हणाले, "राहू दे तो. रविवारी मी चालायला जाणार आहे. तू ये मागून."

म्हणजे त्यांचं तुझ्याशी बोलणं अजून पुष्कळ बाकी आहे, दादा. ते पुढे बघून बोलणार, आणि मध्येच विचारणार. माझी कंबर मोडलीय, टाचांना फोड आलेत, आणि मलाही तुझ्याशी भांडायचं आहे, त्याचं काय? माझ्या मागे कोण येणार? पण मी अशी कागदावर भांडेन. माझं भागेल.

तुला शब्द देते. दर रविवारी मी त्यांच्या मागून जाईन, एक पाऊलही पुढे टाकणार नाही. तुझ्या वतीने त्यांना काही कबूल करणार नाही, त्यांची समजूत घालणार नाही, एक अक्षर खोटं बोलणार नाही. त्यांनी विचारलं, तर तेवढं एकच 'आहे' म्हणेन. ते माझ्याबद्दल तरी खरं असेल.

तुझी,
प्रज्ञा