चौथ्या अध्यायात उठलेली बाई

आई, तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला थांबला का? आणि मावशीला आता नीट ऐकू येतं, की तिथेही तिच्याशी ओरडूनच बोलावं लागतं? माझं बरं आहे. सकाळी बीपीची गोळी घेते, आणि हल्ली झोपही लागते.

घाटकोपरच्या खोलीतली ती सत्यनारायणाची पूजा आठवते का गं? चौथा अध्याय चालू होता आणि शेजारची बाई बाळंतपणात अडल्याचा निरोप आला. तू पाटावरून उठलीस. गुरुजी म्हणाले, "अहो बाई, कथा चाललीये!" तू पदर खोचत म्हणालीस, "तुम्ही वाचा हो, देवाला पाठ आहे ती." सगळे हसले. मी मात्र दहा वर्षांची, घाबरून बसलेली. प्रसाद टाकून धावलेल्या बाईच्या नवऱ्याची नाव बुडते, हे नुकतंच ऐकलं होतं ना! तू संध्याकाळी परतलीस. वर्षभरात बाबा गेले. फुप्फुसं खराब झालीत, असं डॉक्टर आधीपासून सांगत होते, पण माझ्या डोक्यात मात्र तुझं ते उठणं घट्ट बसलं. लग्नानंतर दरवर्षी पूजा घातली, कडी लावून. प्रसाद होईपर्यंत कुणाला हलू दिलं नाही.

परवा इथे बोरिवलीत पूजा चालू असताना शेजारच्या आंटीकडे धप्पकन आवाज झाला. सून उठायला लागली. मी तिचा हात धरला, "बस. प्रसाद झाल्यावर." ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आई, तो हात सोडवेना. मग सोडला, आणि मीच उठले. आंटी न्हाणीत पडली होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसले. कण्हत म्हणते कशी, "तुजी पूजा हाय ना गो? जा तू." म्हटलं, "गप पड." ओल्या फरशीवर साडी भिजली, गुरुजींचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि मन इतकं निवांत! पाटावर बसून असं कधी झालं नव्हतं. तुला तेव्हा कसं वाटलं असेल, ते तिथे कळलं.

आंटीचं ऑपरेशन झालं. आता बरी आहे, नर्सांवर डाफरते. माझ्या घरात काही बुडालं नाही.

कागद कुठे टाकायचा हे ठाऊक नाही, म्हणून उशीखाली ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. तू गेलीस त्या दिवसापर्यंत मी मनातून तुलाच दोष देत होते, आणि तोंडाने चकार शब्द काढला नाही. उत्तर लवकर धाड गं. दोन ओळी पुरेत, शिव्या घातल्यास तरी चालेल.