तिळवालीचे ओठ

४ मार्च
आज परत तीच! गालावर तीळ, नायिकेची मैत्रीण, तिसऱ्या रिळात गायब. जुनी रिळं पुसता-जोडताना सापडलेला हा तिचा सहावा सिनेमा. नावांच्या यादीत शेवटून दुसरी. इथे सगळे तिला तिळवालीच म्हणतात.

पण आज भलतंच दिसलं. आवाज म्हणतो, "ताई, पाहुणे आले." ओठ मात्र दुसरंच काहीतरी लांबलचक बोलतायत — आणि डोळ्यांत हसू!

५ मार्च
सहाही पाहिले. प्रत्येकात एक तरी वाक्य असंच! आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे, तिथे बरोबर बोलली आहे. मग शूटिंगलाच का नाही? साहेब म्हणाले, "पाठांतर कच्चं असेल हो. तुम्ही रिळं जोडा, नसती डोकेफोड नको." मला नाही पटत. चुकलेलं माणूस एवढं खुशीत दिसतं होय?

६ मार्च
डोक्यातून जात नाही.

८ मार्च
तिच्या वेळच्या मेकअपमनला फोन केला. म्हातारबाबा खो खो हसले! "अहो, तिच्या धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही, ओठ वाचते ती. थिएटरात पहिल्या रांगेत बसायची. थोरली तिच्याशी पडद्यावरून गप्पा मारायची! दिग्दर्शकाच्या शिव्या खायची, पण सोडलं नाही." बहीण अजून आहे. पत्ता मिळाला!

११ मार्च
छोटी आली. सत्तरी उलटली, तरी थोरलीने ठेवलेलं नाव तेच. पडदा बघत भराभर कागदावर लिहीत गेली. "छोटे, स्टोव्हवर दूध ठेवून आलीस ना?" "छोटे, शेजारचा झोपला असेल, कोपर मार त्याला!" हसून हसून माझी पुरेवाट.

मग एकदम थांबली. लिहिलं — शेवटी आम्ही भांडलो. तिच्या तोंडावर दार लावलं मी. पंधरा दिवसांत शूटिंगच्या गावीच तापाने गेली. रागातच गेली का गं? तो सिनेमा कधी लागलाच नाही.

तो डबा आमच्याकडे आहे! आवाज भरायच्या आधीच बंद पडलेला सिनेमा. साहेबांनी डब्यावर खडूने फुली मारली आहे — "मुका सिनेमा कोण बघणार?" शुक्रवारी भंगारात.

१२ मार्च
साहेबांशी भांडले. मी! चक्क! "बरं बाई, दोन दिवस घ्या," म्हणाले. रीळ आकसलंय, आंबूस वास मारतोय. एकेक जोड हाताने लावतेय. यातही छोटीसाठी काही बोलली असेल, तर तेवढं वाक्य शाबूत असू दे.

१४ मार्च
छोटीला पहिल्या रांगेत बसवलं. तिळवाली खिडकीशी आली, थेट आमच्याकडे वळली, बोलली. छोटीने तीनदा लावायला सांगितलं. मग लिहिलं —
"छोटे, राग गेला माझा. काम संपलं की घरीच येते. आता तरी दार उघड."
खाली, वाकड्यातिकड्या अक्षरात, तिचं स्वतःचं —
"मी दुसऱ्याच दिवशी उघडलं होतं गं."