परसातला भाऊ

केज,
आषाढ सरत आलाय

चि. आसाराम यास दाजीचे आशीर्वाद. (घ्यायचे तर घे, नाहीतर सुकन्याच्या लग्नातल्या फेट्यासारखे तिथंच टाकून जा.) तुझी तब्येत, मुलंबाळं, पुण्याचं पाणी सगळं ठीक असेल असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आमचं बरं नाही. एसटीतली कंडक्टरकी संपली आणि मला बागेचं खूळ लागलं. परस म्हणजे एक बस कशीबशी उभी राहील एवढी जागा, पण तिच्यात वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजर गवत दारापर्यंत कोंबलेलं. तुझी ताई सुकन्याकडे, लेकीकडे वडवणीला गेलेली. म्हटलं, येईस्तोवर गुलाब लावून दाखवू. मोबाईलवर एक गुळगुळीत माणूस हसत हसत टिकाव मारतो, त्याच्या हाताला फोड येत नाहीत. माझ्या दोन्ही हातांना आले. बाभळीचा काटा चपलेतून वर निघाला, गाजर गवतानं अंगभर खाज सुटली.

कोपऱ्यात कमरेएवढं वारूळ होतं. वारुळाची माती झाडाला लई चांगली, असं तो गुळगुळीत म्हणाला. पाडलं, कुंड्या भरल्या. आतली धामण भिंत ओलांडून सुंदररावाच्या सरपणात गेली. (हा पलीकडचा शेजारी. रोज सकाळी दारात येतो आणि "तुमचा साप घेऊन जा" म्हणतो, जसं काही मीच तिला तिकीट फाडून दिलंय.) वाळवी मात्र गेली नाही, ती कुंड्यांतून घराच्या चौकटीला लागली. उरलेल्या गवताला मी टेकीस आलो, तशा अलीकडच्या केशरबाई म्हणाल्या, "कावून जीव काढायलाव, भाऊजी? शेळ्या सोडते की." सोडल्या. शेळ्यांनी गवत ठेवलं आणि गुलाब खाल्ले.

मग तुझी ताई आली. हातातल्या पिशवीसकट परसात गेली आणि तिथंच मटकन बसली. "माझ्या भावाचं घर पाडलं तुमी." मी म्हटलं, आसारामचा पुण्यातला फ्लॅट शाबूत आहे. हसली नाही.

तुला तिचं काहीच माहीत नसतं, म्हणून सांगतो. सुकन्याच्या लग्नात माझ्या थोरल्या भावाला फेटा आधी बांधला, मामाला म्हणजे तुला नंतर, एवढ्यावरून तू भर मांडवातून उठून गेलास, ते आजतागायत आला नाहीस. (चूक फेटे बांधणाराची होती, पण तुला भांडण माझ्याशीच करायचं होतं.) पंचमीला बायका नागाला भाऊ मानतात. तुझी ताई आदल्या दिवशी तुझ्या नावानं उपास धरते आणि दुसऱ्या दिवशी लाह्या-दूध घेऊन त्या वारुळापाशी बसते. तुला सांगायचं ते सगळं तिथं सांगते, सुकन्याला मुलगा झाला तेसुद्धा तिथंच सांगितलं. मी खिडकीतून ऐकलंय. अगं, ती धामण आहे, नाग नव्हे, असं परवा समजावून पाहिलं. "मग सख्खा तरी कुठं भाऊ राह्यला?" म्हणाली.

मला राग येतो, आसाराम. तुझा येतो, त्या फेट्याचा येतो आणि माझ्या टिकावाचाही येतो. काल भाकरी थापता थापता ती म्हणाली, "औंदा उपास धरायची न्हाई. कुणासाठी धरू?" तापात, गरोदरपणात जिनं तुझा उपास मोडला नाही, ती हे बोलली आणि भाकरी उलटून मोकळी झाली. मला जेवण गेलं नाही.

तू यावंस असं मी मुळीच म्हणत नाही. पुण्याहून केजला गाड्या असतात हे मला माहीत आहे, तुला माहीत असायची गरज नाही. असो.

तुझा (मानलास तर) दाजी,
विठ्ठलराव

ता. क. : पंचमीला ये. आदल्या दिवशीच ये. फेटा आणून ठेवलाय. घरात मी सोडून दुसरा पुरुष नाही, तेव्हा पहिला तुलाच बांधीन.

ता. क. : हे पत्र ताईला माहीत नाही. आपल्या मनानं आलो म्हण.

ता. क. : पाकीट चिकटवताना परसात नजर गेली. धामण परत आलीय. वारूळ होतं त्या जागी फिरत होती. तिचं तर मी घरच पाडलं, तरी आली. तुला फक्त फेटा उशिरा बांधला होता.