लिंबाखालची अट

शेळगाव, ४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. कौसल्येस,
दादाचे अनेक आशीर्वाद. फोनवर तुला धड ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितोय. लिंबाचं रान विकायचं ठरलं. माझं गुडघं गेलं आणि पोरगा दिग्विजय पुण्याची नोकरी सोडून यायचा न्हाय. अंथुर्ण्याच्या विजयसिंहांशी साठेखत केलंय. त्यात एक अट हाय. लिंबाखालची तुझ्या छकुलीची समाधी आपण आधी हलवायची, मगच खरेदीखत. माणूस वाईट न्हाय. त्यांची सून पोटुशी हाय, म्हणून त्यांच्या आईला भ्या वाटतंय. ओढ्याकाठची जागा आपल्याकडंच राहणार, लेकराला तितं नेऊ. पण तुझ्या होकाराशिवाय कुदळ लावणार न्हाय.
रागाव, पण माया पातळ करू नको.
तुझा दादा

जळोची, ९ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.
सही करून मग बहिणीला विचारतोस व्हय? वरातीमागून घोडं! माझी आठ महिन्यांची लेक, माहेरी आणली आणि तापानं गेली. आईनं मातीला जायचं नसतं म्हणून बायकांनी मला घरात धरून ठेवलं, आणि तू न् आपले तात्या तिला घेऊन गेलात. पुरताना मी बघितलं न्हाय रं. तो लिंब हाच माझ्यापाशी तिचा पत्ता.
पण बांधावर तू कसा बसत-उठत चालतोस, ते मी बघितलंय. हलव तिला. तिची कुंची सोबत पाठवलीय, तीत घे. उघडी नेऊ नको.
वहिनीला नमस्कार. जिवाला जप.
कौसल्या

शेळगाव, २५ सप्टेंबर

चि. सौ. कौसल्येस अ. आ.
काय लिहू? पाऊस उघडून रानाला वापसा आल्यावर काल मी आणि शेजारचा झुंबर, दोघांनी खणलं. कमरेइतकं खोल गेलो. नुसती काळी माती. एक हाडूक न्हाय. इतक्या वर्षांत लेकराची माती झाली गं. कुंची हातात घेऊन बांधावर बसलो आणि लहान पोरागत रडलो. ती रितीच परत पाठवतोय.
वकील म्हणाले, हलवायला काही उरलंच न्हाय, म्हणजे अट पुरी झाली. इंदापूरला जाऊन खरेदीखत करा. मला ते पटंना. तू न्हाय म्हण, मी साठेखत मोडतो.
उत्तराची वाट बघणारा,
दादा

जळोची, ३० सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.
मोडू नको. वकिलांचं बरोबर हाय, कागदाची अट पुरी झाली. ती आता सगळ्या रानात मिसळली, तिला कुठून कुठं हलवणार? विजयसिंहांच्या सुनेच्या कानावर यातलं काही घालू नको. पोर सुखरूप मोकळी होऊ दे.
मी मात्र आता शेळगावला येणार न्हाय. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून मला रडता यायचं न्हाय. यंदापासून भाऊबीजेला तूच जळोचीला ये. गुडघं दुखलं तरी ये दादा, मला आता माहेर म्हणून तूच उरलास.
तुझीच,
कौसल्या